उणीव कोणाच्या पानावर?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका खोलीवर, पाच विद्यार्थ्यांनी मला बोलावले. दर रविवारी ती मुले तिथे जमून एक खेळ खेळतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्या पात्राचे बळ, बुद्धी, कसब, मालमत्ता एका कागदावर लिहायची आणि सगळ्यांनी मिळून तोंडी गोष्ट रचत न्यायची. एकजण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आता काय करणार ते सांगतात. जिथे यशाची खात्री नाही, तिथे फासा टाकायचा. फाशावर काय पडले म्हणजे काय घडले, हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले असते. अशी पुस्तके जगात शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. या मुलांना वतनदारीच्या काळातल्या एका गावाची गोष्ट खेळायची होती. पंचगंगेकाठचे गाव, त्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वेशीवरचा येसकर, आणि गावाबाहेर महारवाडा, मांगवाडा. त्यांचा प्रश्न एवढाच होता, ‘सर, नियम कोणते घ्यावेत?’

हा प्रश्न चर्चेला घ्यावा काय, असे एखादा कार्यकर्ता विचारील. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या, रविवार मोकळा असणाऱ्या पोरांचा हा विरंगुळा; त्यात चळवळीचे काय? मीही मनात हेच म्हणत गेलो होतो. परत आलो तो वेगळ्या विचाराने. आशय आणि आकृतिबंध यांच्याविषयी आपण इतकी वर्षे वाद घालतो आहोत. आपला अनुभव प्रस्थापितांच्या साच्यात मावतो का, हा त्या वादाचा गाभा. कादंबरीचा साचा काय गृहीत धरतो, हे समीक्षकाला उकरून काढावे लागते. खेळाचा साचा मात्र नियमांच्या रूपाने छापलेलाच असतो. तो आकड्यांत बोलतो, म्हणून त्याला खोटे बोलणे अवघड जाते. गोष्ट कितीही पुरोगामी असो, कोणाला किती फासे मिळतात आणि कोणाचा रस्ता कुठे अडतो, हे नियमच ठरवतात. गावगाड्याचे तरी दुसरे काय होते? संतांची वाणी सगळ्यांसाठी सारखी होती; बलुत्याचा वाटा, पाणवठ्याचा काठ आणि चावडीवरची जागा सारखी नव्हती.

म्हणून नियम पारखताना मी पहिला प्रश्न हा विचारला, की या पुस्तकात जन्म माणसाला काय देतो?

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यात माणसांबरोबर एल्फ, बुटके, हाफलिंग अशा काल्पनिक वंशांची पात्रे घेता येतात. माणूस कितीही वर चढू शकतो. बुटका लढवय्या सहाव्या पायरीवर थांबतो, हाफलिंग चौथ्या. पराक्रम कितीही गाजवा, पायरी पुढे नाही. १९८१ च्या प्राथमिक संचात तर माणसाला लढवय्या, पुरोहित, जादूगार किंवा चोर यांपैकी काहीही होता येते. पण बुटक्याचा धंदा ‘बुटका’ हाच. जन्म हाच व्यवसाय. अमेरिकेत बसून खेळ रचणाऱ्यांनी मनुस्मृती वाचली होती, असा आरोप मी करत नाही. सांगायचे ते इतकेच, की विषमतेला ग्रंथाची गरज नसते. सोयीचा कोष्टक पुरतो. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात जातिव्यवस्था ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, अशी मांडणी केली. ती समजावून सांगायला इतके चोख उदाहरण मला वर्गात दुसरे सापडले नाही. याच खेळाच्या १९७८ च्या पुस्तकात स्त्रीपात्राच्या शक्तीची कमाल मर्यादा पुरुषाहून खाली छापलेली आहे, हेही जाता जाता नोंदवतो.

याहून गंभीर बाब ऑर्कांची. ही या खेळातली एक जमात. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे जसे अंगावरचे कवच लिहिले आहे, तसाच ‘दुष्ट’ हा स्वभावही लिहिला आहे. मूल जन्मले की दुष्ट. त्याला मारले की अनुभवाचे गुण मिळतात, त्याचे सोने लुटले की आणखी मिळतात. त्या गुणांवर मारणारा वरच्या पायरीला जातो. जन्माने गुन्हेगार ही कल्पना आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आणली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. बेरड, रामोशी, मांग, महार यांना रोज हजेरी द्यावी लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ही हजेरी १९१८ साली बंद केली. आपली मुले ऑर्क मारत बसतात, तेव्हा ती कुणाच्या हजेरीचे पुस्तक हातात धरून बसली आहेत, हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

न्याय म्हणून पुढचेही सांगतो. या खेळाने स्वतःला बदलले. पायऱ्यांचा अडसर २००० च्या आवृत्तीत गेला. वंशाने मिळणारे बळ-बुद्धीचे वाढीव गुण मनाप्रमाणे कुठेही लावण्याची मुभा २०२० मध्ये आली. २०२४ च्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द जाऊन ‘प्रजाती’ आला आणि ते वाढीव गुण पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले गेले. खेळणाऱ्यांनी तक्रार केली म्हणून हे घडले, आणि ते चांगलेच घडले. मात्र नाव बदलणे आणि नियम बदलणे या दोन गोष्टी आहेत. अस्पृश्याला ‘हरिजन’ म्हटल्याने पाणवठा खुला झाला नाही, हे आपण जाणतो. इथे निदान नियमही हलला. तरी पूर्वायुष्यात कोणाच्या वाट्याला पोथी आणि कोणाच्या वाट्याला खुरपे, याचा जाब हे पुस्तक विचारत नाही.

मुलांनी हे पुस्तक अगोदरच बाजूला ठेवले होते. त्यांची पसंती दुसऱ्या पुस्तकाला होती. खरी चर्चा त्याच्यावरूनच झाली.

ते पुस्तक म्हणजे स्टीव्ह जॅक्सन यांचे ‘गर्प्स’. ते १९८६ साली आले. कोणत्याही काळाची, कोणत्याही देशाची गोष्ट त्यावर खेळता येईल, असा त्याचा दावा आहे. त्याची मांडणी वरकरणी समतेची आहे. प्रत्येकाला सुरुवातीला सारखेच गुण मिळतात. त्या गुणांत बळ, बुद्धी, कौशल्ये विकत घ्यायची. कोणी पात्रासाठी एखादी उणीव स्वीकारली, म्हणजे आंधळेपण, दारिद्र्य, शत्रू, तर त्या बदल्यात जास्तीचे गुण मिळतात. या उणिवांच्या यादीत ‘सामाजिक कलंक’ हीही एक उणीव आहे. समाज ज्याला हीन लेखतो, त्याच्या पानावर ती लिहायची आणि तिचे गुण उचलायचे.

त्या रविवारी एका मुलाने येसकराचे पात्र घेतले. त्याचे पणजोबा खरोखरीच येसकर होते. त्याने उणिवांच्या रकान्यात ‘सामाजिक कलंक’ लिहिले. बदल्यात मिळालेल्या गुणांत चतुराई वाढवून घेतली. मग तो थोडा हसला आणि म्हणाला, ‘आमच्या पणजोबाला ह्याच्या बदल्यात कुणी काय दिलं हुतं?’ आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली. पुढे कोणी बोलेना. त्या दिवशी खेळ झाला नाही.

मला वाटते, त्या मुलाच्या प्रश्नात समीक्षेचे बीज आहे. या नियमात दोन चुका आहेत. पहिली चूक अशी, की तो अस्पृश्यतेला सौदा समजतो. इकडे कलंक घेतला, तिकडे चतुराई मिळाली, हिशेब बरोबर. गावात असा हिशेब कधी बरोबर झाला नाही. येसकराने रात्रभर वेस राखली, सरकारी टपाल वाहिले, मेलेले जनावर ओढले. त्याच्या बदल्यात भाकरीचे तुकडे आणि वतनाच्या नावाची एक बेडी मिळाली. त्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडावे लागले, आणि तशी वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ साल लागले.

दुसरी चूक पहिलीहून खोल आहे. हा नियम अस्पृश्यता ‘अस्पृश्या’च्या पानावर लिहितो. जणू ती त्याच्या अंगाची बाब आहे, आंधळेपणासारखी. खरे तर ती पाळणाऱ्याची कृती आहे. येसकराच्या अंगात काही उणे नव्हते. वरून पाणी ओतणारा हात पाटलाचा होता, वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवणारा हात वाड्यावरच्या बाईचा होता, सावली टाळणारा पाय कुलकर्ण्याचा होता. म्हणजे ही नोंद त्यांच्या पानांवर व्हायला हवी. आपल्या राज्यघटनेने हे ओळखले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. १९५५ चा अस्पृश्यता कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याच दिशेने गेले. त्यांनी दोष करणाऱ्याच्या नावावर लिहिला. घटनेला जे सुचले ते खेळाच्या पुस्तकाला सुचले नाही. कथा-कादंबऱ्यांनाही ते फारसे सुचलेले नाही. ‘त्याला पाणी मिळाले नाही’, ‘त्याला देवळात प्रवेश नव्हता’ अशी कर्ता हरवलेली वाक्ये सहानुभूतीच्या साहित्यात ठायी ठायी आढळतात. व्याकरणातच आरोपी फरार आहे.

यावर त्या खोलीत एकाने शंका काढली. उणिवेबद्दल जास्तीचे गुण, म्हणजे आरक्षणच नव्हे काय? शंका प्रामाणिक होती आणि ती बाहेरही ऐकू येते, म्हणून उत्तर सविस्तर दिले पाहिजे. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आदेश घ्या. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा तो आदेश. त्यात कोणाच्या उणिवेचे मोल केलेले नाही. त्यात कचेरीच्या पानाकडे पाहिले आहे. कोणत्या खुर्च्यांवर कोण बसले आहे आणि कोण बसलेले नाही, हे पाहून कचेरीला नियम लावला आहे. दोष राज्यकारभारात आहे, म्हणून दुरुस्ती राज्यकारभारात. ‘गर्प्स’ने हा आदेश लिहिला असता, तर प्रत्येक महार मुलाला ‘तुझ्या कलंकाचे इतके गुण’ असा दाखला मिळाला असता. आरक्षणाचे विरोधक ते नेमके असेच समजतात. दोन्हीकडे चूक एकच. उणीव भलत्याच्या पानावर लिहिण्याची.

मग परदेशातल्या दलितांनी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी, या खेळाचे काय केले? १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. ज्युलिया बाँड एलिंगबो यांनी २००७ मध्ये ‘स्टील अवे जॉर्डन’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातली पात्रे गुलाम आहेत. त्यात पात्राला बळ-बुद्धीऐवजी ‘मोल’ आहे. बाजारात मालक त्या देहाची काय किंमत करील, ते मोल. आणि खेळणाऱ्याची ताकद त्याच्याशी बांधलेली. वाचताना अंगावर काटा येतो. पण तो आकडा प्रामाणिक आहे. तो गुलामाचा गुण म्हणून मिरवत नाही, मालकाची नजर म्हणून उभा राहतो. एका काळ्या लेखिकेने आकृतिबंधच फिरवला, म्हणून आशय बोलू लागला. आपल्या पोरांना मी सांगितले, हे पुस्तक खेळलात नाही तरी चालेल, पण वाचल्याशिवाय राहू नका.

आकृतिबंध फिरवण्याचा हा धडा आपल्याकडे त्याहून जुना आहे. तमाशाच्या वगात संवाद लिहिलेले नसत. गोष्टीचा सांगाडा ठरलेला. राजा, प्रधान, सोंगाड्या ही पात्रे ठरलेली. बोलणे मात्र हजरजबाबीपणावर. म्हणजे भूमिका घेऊन, नियमांच्या चौकटीत, उभ्या जागी गोष्ट रचण्याचा हा खेळ महार-मांग-कोल्हाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळला आहे. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला. कोल्हापुरात त्याची शाखा १९११ मध्ये निघाली. सत्यशोधकांना खेड्यात विचार न्यायचा होता आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता, की चौकट कोणती घ्यावी? त्यांनी तमाशाची चौकट घेतली आणि तिचे नियम बदलले. त्याला जलसा म्हणतात. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण राहिला, पण वंदन कोणाला करायचे ते बदलले. शृंगाराला आणि नाचीला फाटा मिळाला. बतावणी राहिली, कारण प्रश्नोत्तरे तिच्यात होती. आणि सोंगाड्या तर मुद्दाम राखला. भर दरबारात राजाला अडवून ‘असं का?’ विचारण्याचा त्याचा हक्क हा तमाशाचा सर्वांत मोलाचा नियम होता. आपल्या पूर्वजांनी चौकट सरसकट फेकली नाही आणि जशीच्या तशी स्वीकारलीही नाही. कोणता नियम कोणाच्या बाजूने काम करतो, ते पाहून त्यांनी निवड केली. जलशाची समीक्षा करताना आपण त्यातल्या विचारांचे गुणगान करतो, या निवडीतल्या बुद्धीकडे दुर्लक्ष करतो.

ही कसोटी लावून मी मुलांना एक पुस्तक सुचवले. अ‍ॅव्हरी ऑल्डर आणि बेंजामिन रोझेनबॉम यांचे ‘ड्रीम अस्क्यू’ आणि ‘ड्रीम अपार्ट’ हे जोडखेळ २०१८-१९ च्या सुमारास एकत्र प्रसिद्ध झाले. दुसरा खेळ पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या वस्तीचा आहे. म्हणजे तीही एका अर्थी गावकुसाबाहेरचीच वस्ती, आणि तिची गोष्ट वस्तीच्या आतून सांगितलेली. या खेळात फासे नाहीत आणि कायमचा सूत्रधारही नाही. सभोवतालचे जग, बाहेरची सत्ता, वस्तीतल्या चालीरीती यांची सूत्रे खेळणारे आळीपाळीने हातात घेतात. निवाडा एका माणसाच्या चावडीवर होत नाही. पात्राने दुबळी कृती केली की एक टोकन मिळते. समर्थ कृती करायला ते खर्चावे लागते.

यातही खोट आहे आणि ती झाकून उपयोग नाही. दुबळेपणाचे टोकन मिळते, म्हणजे दुःखाचे भांडवल होते. ‘गर्प्स’चा सौदा मागच्या दाराने परत येतो. आपल्या आत्मकथनांवरही असा आरोप झाला आहे, की वेदनेचे नाणे वाजवून दाखवले जाते. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आले तेव्हापासून हा आरोप आपण ऐकतो आहोत. त्याचे उत्तर वेदना लपवणे हे नाही; ती कोणी दिली, ते सांगणे हे आहे. म्हणून मी दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, टोकन व्यक्तीच्या खिशात जाऊ नये. महारवाड्याच्या सामाईक वाटीत जावे आणि सर्वांच्या विचाराने खर्च व्हावे. दोन, गावाचे एक वेगळे पान असावे. पाणवठा, देऊळ, रस्ता, चावडी, बलुते यांचे नियम त्यावर लिहावेत. तो नियम पाळायचा असेल, तर पाळणाऱ्या पात्राने प्रत्येक वेळी तो मोठ्याने, कर्त्यासह म्हणावा: ‘मी, पाटील, याला पाणी देत नाही.’

सवर्ण मुलाने येसकराची भूमिका घ्यावी काय, हा प्रश्नही अर्थातच निघाला. परकायाप्रवेशाचा हा वाद आपल्याला नवा नाही. माझे मत असे, की मनाई करू नये. पण त्याने आधी पाटील व्हावे. दुसऱ्याचे दुःख एका संध्याकाळी अंगावर घेऊन डोळे ओले करणे सोपे आहे. स्वतःच्या आजोबाचे वाक्य स्वतःच्या तोंडाने, कर्त्यासह, म्हणणे अवघड आहे. सहानुभूतीची परीक्षा तिथे होते.

शेवटची कसोटी मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नियमावलीत नियम मोडण्याची, आणि मोडता येत नसेल तर खेळ सोडण्याची वाट आहे काय? कोल्हापुरात १९१८ मध्ये महार वतन हुकुमाने मोडले गेले. महाडला १९२७ मध्ये पाणवठ्याचा नियम लोकांनी ओंजळीने मोडला. आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी तिसरी वाट दाखवली, जी १९५६ मध्ये नागपुरात पूर्ण झाली. ती या चौकटीतली आणखी एक पायरी चढण्याची वाट नव्हती, चौकटीबाहेर जाण्याची होती. मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत पात्राला पराक्रमी होता येते, श्रीमंत होता येते, राजाही होता येते. नियमांनाच नकार देता येत नाही. नकार ही आपल्या साहित्याची पहिली जाणीव आहे. जी चौकट तिला जागा देत नाही, ती कितीही देखणी असो, आपली नाही.

मुलांनी त्यानंतर चार रविवार खर्चून स्वतःची नियमावली लिहिली. ती कच्ची आहे; तिच्यात मांगवाडा अजून नीट आलेला नाही आणि स्त्रियांची पाने अपुरी आहेत, हे मी त्यांना सांगितले आहे. टोकन म्हणून ते चिंचोके वापरतात. ज्याने पेन्सिल खाली ठेवली होती, तोच आता गावाचे पान लिहितो. पाटलाची भूमिका घेतलेल्या मुलाला परवा ते वाक्य म्हणायचे होते. त्याने दोनदा सुरुवात केली, मग पाणी प्यायला उठला. आम्ही सगळे थांबलो. परत येऊन त्याने ते वाक्य पूर्ण म्हटले.